सोमवारची गिटार

दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की ही एवढी खराब दिसणारी गिटार महाग आणि ती पलीकडची चकाचक स्वस्त, हा काय प्रकार आहे. पूर्वी मी खुर्चीवरून उठून, गिटार खाली काढून, दिव्याखाली धरून समजावून सांगायचे. आता बसल्या बसल्या सांगते. गुडघे दुखतात, आणि तसंही निम्मे लोक सगळं ऐकून घेतात, फोटो काढतात आणि चालू लागतात.

तर सांगते. जुन्या गिटारीचा भाव तिच्या वयावर ठरत नाही. तिला सुधारायला किती कमी लोक गेले, यावर ठरतो. पॉलिश कारखान्यातून निघालं तेच हवं. ते पिवळं पडलेलं असलं, त्याला बारीक भेगांची जाळी आलेली असली तर फारच छान. तारा पिळायच्या खुंट्या मूळच्या हव्यात, तारा ज्यावर टेकतात ती घोडी मूळची हवी, पोटात चिकटवलेली कारखान्याची चिठ्ठी जागेवर हवी. कुणी हौसेने पट्टा अडकवायला एक भोक पाडून ठेवलं की जाणकार माणसाने नाक मुरडलंच म्हणून समजा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुनं पॉलिश घासून काढून नवं चढवणं. तशी गिटार वाजते, कधी कधी आधीपेक्षा गोड वाजते, पण बाजारात तिला कुत्रं विचारत नाही. झिजलेली चालते, पोचा आलेली चालते, सुधारलेली चालत नाही.

आणि माझ्या वडिलांनी जन्मभर गिटारी सुधारल्या.

दुकान त्यांचंच. आधी ते फर्निचरला पॉलिश करायचे, मग कुणीतरी एक गिटार आणून दिली, मग दुसरी, आणि हळूहळू कपाटं आणि टेबलं मागे पडली. लोक मोडकी, डागाळलेली, पोराबाळांनी आपटलेली गिटार आणायचे आणि आठवड्याने ती ओळखू येत नसे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाचा बोळा आणि त्यांचा उजवा हात, एवढंच भांडवल. गिऱ्हाइकाच्या हातात गिटार देताना ते एकच म्हणायचे, ‘घ्या, नवी कोरी.’ तेवढं म्हणण्यासाठीच ते आठवडाभर राबायचे असं आई म्हणायची.

पुढे नव्या गिटारी इतक्या स्वस्त झाल्या की दुरुस्तीला कोण कशाला येतंय. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा मी ते हातात घेतलं आणि जुन्या गिटारी विकायला सुरुवात केली. बाबांना मी हा धंदा पहिल्यांदा समजावून सांगितला तो दिवस मला आठवतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, म्हणजे मी हात लावला नाही तर जास्त पैसे मिळणार. मग तरुणपणी उगाचच राबलो की. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण नंतर कितीतरी दिवस ते दुकानात आले की हात पाठीमागे बांधून फिरायचे, आणि मला मेलं उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं, मग रस्ते, मग जेवलो की नाही ते. घरी एकटं ठेवायची सोय राहिली नाही म्हणून मी त्यांना रोज बरोबर आणायला लागले. दुकानाच्या मागे त्यांची कामाची खोली तशीच होती. लांब टेबल, वर दिवा, भिंतीला हत्यारं. मी त्यांना लाकडाच्या फळ्या द्यायचे. ते घासत बसायचे, पॉलिश करत बसायचे. आणि काय सांगू, फळी हातात आली की माणूस बदलायचा. किती नंबरचा पॉलिश पेपर, कोणत्या दिशेने घासायचं, पहिला हात वाळला की नाही हे गालाला लावून कसं बघायचं, काही म्हणजे काही विसरले नव्हते. सकाळी कोणता वार विचारलं तर गोंधळायचे, आणि लाकडावरून नुसता अंगठा फिरवून उद्या हवा दमट असेल म्हणून सांगायचे.

माझा धाकटा भाऊ लांब असतो. त्याचा फोन यायचा, ताई, त्यांना दुकानात नेत जाऊ नकोस, हत्यारं आहेत, स्पिरिट आहे, काहीतरी होऊन बसेल. मी म्हणायचे, हात चालतायत तोवर बाबा आहेत. हात थांबले की मग बाबा म्हणून मी कुणाला घेऊन बसू? फोनवर सल्ला द्यायला कुणाचं काय जातं. पण भीती मलाही होतीच.

तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. आमच्या भागातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिकवलंय, निवृत्त होऊनही जमाना झाला, पण अजून सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांचे यजमान पोस्टात होते आणि रोज संध्याकाळी गिटार वाजवायचे. ते गेले, आणि आता बाई लहान घरात राहायला जाणार होत्या. तिथे गिटारीची एवढी मोठी पेटी ठेवायला जागा नाही, म्हणाल्या. पेटी उघडली आणि मी आधी हात पुसले. एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण अशी गिटार क्वचित बघायला मिळते. एकाच माणसाची, तारा सोडल्या तर काहीही न बदललेली. पॉलिशवर मधाच्या रंगाची झाक. जिथे त्यांचा कोपर टेकायचा तिथे पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालेलं, आणि तारांखालच्या भोकाशेजारी बोटं लागून लागून एक उथळ खळगा पडलेला. बाईंनी त्या खळग्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, बघा, किती खराब केलीय. मी म्हटलं, बाई, हीच तर खरी किंमत आहे. त्यांना ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

एक संग्राहक लगेच तयार झाला. शुक्रवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. तो वाजवणारा होता, नुसता काचेत ठेवणारा नव्हता, त्यामुळे बाईंनाही समाधान वाटलं. मी गिटार दर्शनी भागात उंचावर टांगली, आणि गुरुवारी माझी दाढ ठणकायला लागली.

दाढ अशी ठणकत होती की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाबांना टेबलाशी बसवलं, नवी फळी दिली, शेजारच्या चष्मेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दातांच्या डॉक्टरकडे गेले. वाटलं होतं तासाभरात येईन. तिथे ही गर्दी. दाढ काढायचीच म्हणाले. दुपार तिथेच गेली. चष्मेवाला बिचारा दोनदा डोकावून गेला होता. बाबा शांतपणे काम करतायत, असं त्याने पाहिलं, आणि ते खरंच होतं.

मी आले तर दुकानभर स्पिरिटचा वास. वरचा खिळा रिकामा. मी मागे गेले. बाबा दिव्याखाली उभे होते, घामाघूम, शर्टावर लाकडाची पूड, आणि चेहऱ्यावर असं तेज की मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. टेबलावर बाईंची गिटार. वरची फळी पूर्ण घासलेली, खळगा बुजवलेला, कोपराची खूण गेलेली, आणि सगळ्यावर लाखेचा ताजा हात. आरशासारखी चमकत होती. बाबा म्हणाले, “बघ. नवी कोरी.”

माझं अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे ओरडताही येईना. मी भिंतीला टेकून खालीच बसले. बाबा घाबरले, मला पाणी आणायला गेले आणि कशाला आलो ते विसरून दारात उभे राहिले.

संग्राहकाला मी फोनवर सांगितलं. तो वाईट माणूस नाही. मग राहू दे, एवढंच म्हणाला. बाईंना मात्र फोनवर सांगायचा धीर झाला नाही. त्यांना बोलावून घेतलं. मी सगळं बोलायचं मनात जुळवून ठेवलं होतं, की नुकसान भरून देईन, माझी चूक आहे, वडिलांची नाही. बाईंनी गिटार मांडीवर घेतली. जिथे कोपराची खूण होती तिथे त्यांनी हात फिरवला, मग भोकाशेजारी फिरवला. पुन्हा फिरवला. बाबा मागून बाहेर आले आणि शाळेतल्या मुलाने चित्र दाखवून उभं राहावं तसे त्यांच्यासमोर उभे राहिले.

“छान झाली हो,” बाई त्यांना म्हणाल्या.

बाबा खूश होऊन आत गेले. मग बाई माझ्याकडे वळल्या. मी भरपाईचं बोलायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. “कुणालाही द्या आता,” त्या म्हणाल्या. “परवा इथून गेले तर घरी जाऊन रात्रभर रडले होते. नेऊ का परत, असं वाटत होतं. आता ही कुठलीही गिटार झाली. आता काही वाटत नाही.”

त्या मला लागेल असं काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्या आणि मी शटर अर्धं ओढून ढसाढसा रडले. बाईंसाठी रडले, बाबांसाठी रडले, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या दमण्यासाठीही रडले.

त्याच संध्याकाळी मी हत्यारं कपाटात टाकली, पॉलिश पेपर, लाख, स्पिरिट, सगळं, आणि कुलूप घातलं. भाऊ म्हणाला, आत्ता कुठे शहाणपणाचं वागलीस. बाबांना दुकानात पुढच्या खुर्चीवर बसवलं, रस्त्यावरची गंमत बघा म्हटलं.

त्यांनी काही तक्रार केली नाही, हेच वाईट. पहिले काही दिवस ते कपाटापर्यंत जायचे, कुलूप हातात धरून बघायचे आणि परत यायचे. मग जायचे बंद झाले. उजवा हात मात्र थांबेना. बसल्या बसल्या गुडघ्यावर गोल गोल फिरायचा. पॅंट गुडघ्यावर झिजली, मी दुसरी घातली, तीही झिजायला लागली. जेवण पुढ्यातून सारायचे. बोलणं कमी झालं. मग एक दिवस तो हातही गुडघ्यावर नुसता पडून राहिला. गिऱ्हाईक समोर बोलत होतं, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. आमच्या धंद्यात खोटं म्हातारपण नावाचा प्रकार आहे. नवी गिटार घ्यायची, बर्फात ठेवून पॉलिशला भेगा पाडायच्या, साखळीने पोचे आणायचे, कोपराच्या जागी घासायचं, कडांना चहा चोळायचा आणि जुनी म्हणून विकायची. एक दलाल अशी गिटार घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला असा झाडला होता की चष्मेवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. तर तीच मी, पुढच्या रविवारी दुपारी, बाबा घरी झोपलेले असताना, आमच्याच स्वयंपाकघरात एक गिटार मांडीवर घेऊन बसले. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्याची बेनाम गिटार, पण अस्सल लाकडाची. किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडे काढले. भांड्यांच्या घासणीने कोपराची जागा घासली. चहाची भुकटी चोळली. एक पोचा आणायला वरवंटा वापरला आणि तो माझ्याच अंगठ्यावर बसला.

सोमवारी कपाट उघडलं. बाबांना म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, बिचाऱ्याची गिटार फार खराब झालीय, नवी करून मागतोय. बाबांनी गिटार उलटी-सुलटी करून पाहिली, चक् चक् केलं, लोकांना वस्तू वापरायची अक्कल नाही म्हणाले आणि बाह्या सारल्या. दुपारी भात मागून घेतला.

तेव्हापासून हेच चाललंय. ते शनिवारपर्यंत ती नवी कोरी करतात, मी म्हणते गिऱ्हाईक फार खूश झालं, आणि रविवारी मी तिची परत वाट लावते. सोमवारी परत नवं गिऱ्हाईक. विक्रीच्या सगळ्या गिटारी आता वरच्या काचेच्या, कुलपाच्या कपाटात असतात, आणि मी दाढ दुखली तरी दुकान सोडत नाही. चष्मेवाला म्हणतो, तुम्ही तर बिनपगारी नोकरी धरलीत. खरंच आहे. सहा दिवस दुकान आणि सातव्या दिवशी ओरखडे. कधी कधी रविवारी इतकं जिवावर येतं की वाटतं या आठवड्यात सुट्टी घ्यावी. पण सोमवारी सकाळी ते चप्पल घालून दाराशी उभे असतात, ते आठवलं की मी किल्ल्यांचा जुडगा हातात घेते.

भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, ताई, हे बरोबर नाही, तू त्यांना फसवतेयस. माझं डोकंच उठलं. मी म्हटलं, बरं, तू ये आणि न फसवता सांभाळून दाखव. त्याच्याकडची रेंज एकदम गेली.

गेल्या सोमवारी मात्र बाबांनी पॉलिश पेपर हातात घेतलाच नाही. मी समोर स्टुलावर तारांची वेटोळी लावत बसले होते. त्यांनी बोटाच्या पेराने गिटारीच्या वरच्या फळीवर टकटक केलं. कान लावला. परत टकटक केलं.

“हिला आता घासायचं नाही,” ते म्हणाले. “फळी पापडासारखी पातळ झालीय.”

मी म्हटलं, गिऱ्हाइकाला हवीय ना पण, तो वाट बघतोय.

“कसलं गिऱ्हाईक.” ते हसले. “हे वरचं पॉलिश माझं आहे. खालचं माझं. त्याच्या खालचंही माझंच. माझा हात मला कळणार नाही होय?”

माझ्या हातातली तार सुटून जमिनीवर पसरली. चोरी पकडली गेल्याची लाज वाटायला हवी होती, पण मला झाला तो आनंद. इतकं सगळं त्यांना उमगलं होतं, इतके दिवस लक्षात राहिलं होतं. म्हणजे बाबा अजून आहेत, पूर्ण आहेत, असंच मला वाटलं. मी विचारलं, कळत होतं तर मग दर वेळी करत कशाला राहिलात?

त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी येत नाही याची खात्री करून घेतली, आणि माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, “माझ्या मुलीसाठी हो. तीच ओरबाडून आणते. तिला वाटतं मला काही कळत नाही. पण मी कामाला बसलो की तिचा चेहरा जरा बरा दिसतो. फार दमते ती. तुम्ही बोलू नका तिच्याजवळ.”

“नाही बोलत,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पॉलिश पेपर बाजूला सारला, बोळ्यावर लाख घेतली आणि गिटार माझ्याकडे सरकवली.

“जरा दांडी धरता का,” ते म्हणाले. “नुसता एक हात फिरवून घेऊ. ती यायच्या आत उरकायला हवं.”

मी दांडी धरली.